बेल्ट घ्यायला गेलो तर काका विचारतात, अडकवणार कशाला?

नाशकातल्या द्वारका चौकातलं बांधकामाच्या सेफ्टी सामानाचं दुकान, पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येतंच, आणि रिव्ह्यू लांबलाय, ज्याला फक्त भाव बघायचेत त्यानं सरळ फोन लावावा.

आधी मी कोण ते सांगतो. नाशकात आरसीसी, म्हणजे सळई-काँक्रीट, आणि प्लास्टरची लेबर कॉन्ट्रॅक्टवर कामं घेतो, मोठा बिल्डर बिल्डर काही नाही, पाच-सात मजल्यांच्या बिल्डिंगा, पाथर्डी फाटा, मखमलाबाद, कधीतरी गंगापूर रोडला एखादी. तीस-पस्तीस माणसं असतात हाताखाली, निम्मी पेठ-सुरगाणा-हरसूलकडची, सेंटरिंगवाले, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू ठोकणारे, बहुतेक बाहेरच्या राज्यातले. आमच्यासारख्यांच्या साइटवर सेफ्टी म्हणजे गेटवरचा बोर्ड आणि आर्किटेक्ट येणार असला की डोक्यावर चढणारी चार पिवळी हेल्मेटं. मीही तसाच होतो, उगाच साव कशाला बनू.

गेल्या मे महिन्यात एका साइटवर बाहेरचं प्लास्टर चालू होतं, चौथा मजला, बांबूची परांची. आमच्यातल्या एका प्लास्टरवाल्या पोराचा पाय फळीवरून सटकला. आता गंमत बघा, बेल्ट होता अंगावर! कमरेचा पट्टा, तो जुना वाला, आणि हुकपण लावलेला होता, म्हणजे पोरानं सांगितलेलं सगळं केलं होतं. पण हुक लावला होता परांचीच्याच उभ्या बांबूला, झटका बसला तशी सुतळीची गाठ सरकली, हुक बांबूवरून सरसर खाली आणि पोरगा खालच्या मजल्याच्या फळीवर आपटला, ती फळी काढायची राहिली होती म्हणून वाचला असं म्हणा. दोन बरगड्या गेल्या, आणि कमरेला पट्टा असा काही आवळला की पंधरा दिवस त्याला सरळ बसता येईना. दवाखाना मी केला, खर्चीपण दर आठवड्याला चालू ठेवली. त्याची आई आली होती हरसूलवरून, मला एक शब्द बोलली नाही, शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं राव.

तर त्याच आठवड्यात या दुकानात गेलो. डोक्यात एवढंच की चांगल्यातले दहा फुल बॉडी बेल्ट, खांद्या-मांड्यांनाही पट्टे असलेले, घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. द्वारकेला गाडी लावायला जागा नाही हे नाशिककरांना सांगायची गरज नाही, मी उड्डाणपुलाखाली कुठंतरी लावली आणि चालत आलो, घामाघूम. काउंटरवर काका होते. म्हणलं काका, दहा बेल्ट द्या फुल बॉडीवाले.

काका म्हणाले, "अडकवणार कशाला?"

म्हणलं, परांचीला.

"मग नका घेऊ शेठ. पैसे वाया जातील."

एवढ्या वर्षांत माल विकायला बसलेल्या माणसानं मला "नका घेऊ" म्हणल्याचं आठवत नाही. मला आधी रागच आला, म्हणलं हा कोण शहाणा, पण झालेलं डोक्यात ताजं होतं म्हणून थांबलो. काका आधी सातपूरला एका कंपनीत सेफ्टीलाच होते हे नंतर कळलं. त्यांनी चहा मागवला, एका जुन्या बिलाच्या मागं पेनानं माणूस काढला, स्लॅब काढला, आणि जे सांगितलं ते मी आज माझ्या मुकादमाला तोंडपाठ करून घेतलंय. तुम्हालाही सांगतो कारण ह्या रिव्ह्यूतलं कामाचं तेवढंच आहे, बाकी भाव काय खालीवर होत राहतात.

बेल्टची दोरी, लॅनयार्ड म्हणतात तिला, दोन मीटरची. बेल्टची रिंग पाठीवर असते, म्हणजे पायापासून साधारण दीड मीटरवर. हुक पायाशी लावला, आपले लोक नव्वद टक्के तिथंच लावतात कारण वाकलं की सळई हाताशी असते, तर माणूस दोरी ताणेपर्यंतच साडेतीन मीटर खाली जातो. मग तो शॉक अॅब्सॉर्बर, दोरीवर जी शिवलेली पुडी असते ना, ती उसवत जाते आणि झटका जिरवते, ती पावणेदोन मीटरपर्यंत उघडू शकते. त्याखाली रिंगेपासून पायापर्यंत माणसाचा दीड मीटर, आणि शिवाय एक मीटर तरी मोकळं पाहिजे. बेरीज करा, हुक लावलाय तिथपासून खाली दोरीचे दोन, पुडीचे पावणेदोन, माणसाचा दीड, मोकळा एक, झाले सव्वासहा मीटर. आपला मजला तीन मीटरचा. म्हणजे पहिल्या स्लॅबवर काम करणारा माणूस, अंगावर तीन हजाराचा बेल्ट, हुक पायाशी, पडला तर बेल्ट पूर्ण उघडायच्या आधी जमिनीवर. दुसऱ्या स्लॅबला सहा मीटर, तिथंपण पाव मीटर कमीच. बेल्ट घातला म्हणून तो अजून बिनधास्त वाकणार हे वेगळंच.

म्हणून हुक डोक्याच्या वर. डोक्याच्या वर, दोरी फार ढिली राहणार नाही असा लावला तर माणूस फूट-दीड फूट खाली येतो आणि लटकतो, पुडी उघडायची वेळही फारशी येत नाही. आणि ज्याला लावायचा ते परांची नाही, कारण परांची स्वतःच कुणाच्या तरी आधारावर उभी असते, तर बिल्डिंगचा कॉलम किंवा बीम. त्यासाठी त्यांच्याकडे अँकर स्लिंग मिळते, पट्ट्याचं वेटोळं, कॉलमला दोन फेरे मारायचे आणि त्यात हुक. मला हे मिळतं हेच माहीत नव्हतं! साडेतीनशे रुपयाची वस्तू.

मग मी बेल्ट घेतले, दहा नाही, सहाच दिले त्यांनी. म्हणे तुमच्या एका साइटवर एका वेळी काठावर सहापेक्षा जास्त माणसं असली तर कामाची आखणी चुकतीय. डबल लॅनयार्डवाले घेतले, दोन दोऱ्या दोन मोठे हुक, सरकताना एक काढायचा तर दुसरा लागलेला राहतो, आडवं सरकणाऱ्या प्लास्टरवाल्याला हेच पाहिजे, सिंगलवाला सरकताना दर वेळी दोन मिनिटं सुटा असतो आणि माणूस नेमका तेव्हाच पडतो. एक बेल्ट २,६५० ला पडला, जीएसटी वेगळा. बाजारात फुल बॉडी म्हणून नऊशेलापण मिळतो, मी बघितलाय, त्याला पुडीच नाही, साधी दोरी. साध्या दोरीवर माणूस थांबतो खरा पण सगळा झटका अंगावर घेऊन थांबतो.

आता आयएसआय मार्क बघायचा कसा ते. बेल्टवर आयएस ३५२१, हेल्मेटवर आयएस २९२५, बुटावर आयएस १५२९८. हा नंबर आयएसआयच्या चिन्हाच्या वर असतो, आणि खाली सीएम/एल करून लायसन्सचा नंबर असतो. काकांच्या मुलीनं, ताई बिलिंगला बसतात, माझ्याच मोबाइलवर बीआयएस केअरचं, म्हणजे हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं, अॅप टाकून दिलं, त्यात तो सीएम/एल नंबर टाकला की कंपनीचं नाव येतं आणि लायसन्स चालू आहे की नाही कळतं. मी घरी येऊन माझी जुनी पिवळी हेल्मेटं तपासली, जी मी दुसरीकडून शंभराच्या आत डझनावारी उचलली होती. चिन्ह छापलेलं, खाली नंबरच नाही. म्हणजे नुसता छापा! अकरा हेल्मेटं होती, अकराही तशीच. एकावर अंगठ्यानं दाब दिला तर कडेला चीर गेली, नाशिकच्या उन्हात गच्चीवर दोन उन्हाळे पडलेलं प्लास्टिक, दुसरं काय होणार.

हेल्मेट मी रॅचेटवालं घेतलं, मागं चाक फिरवून घट्ट करायचं, २६० ला एक. पिनवाल्यापेक्षा महाग आहे पण पिनवालं कुणी नीट बसवत नाही, वाकलं की पडतं, मग माणूस काढूनच ठेवतो. आतली पट्ट्यांची जाळी आणि वरचं कवच यात इंचभर तरी फट राहिली पाहिजे, तीच मार झेलते, आमचे लोक त्या फटीत तंबाखूची पुडी आणि बिडीबंडल ठेवतात, काकांनी विचारायच्या आधीच ओळखलं होतं. कवचावर महिना-वर्ष कोरलेलं असतं ते बघून घ्या, जुना स्टॉक घेऊ नका. इथं मला जो माल मिळाला तो त्याच वर्षीचा होता.

करम, उद्योगी, हिलसन असल्या नेहमीच्या कंपन्यांचा माल ठेवतात, फार व्हरायटी नाही. बूट स्टीलच्या टोपाचे, २०० जूलचा मार झेलणारे, पण काकांनी सांगितलं तुमच्याकडं बोटावर वस्तू पडण्यापेक्षा खिळा घुसण्याचं जास्त असणार, तर तळव्यात पत्रा असलेला घ्या. बरोबर आहे. सेंटरिंगची फळी काढली की खिळे वर तोंड करून पडलेले असतात आणि वर्षाला माझे सात-आठ जण धनुर्वाताच्या इंजेक्शनला जातात. पत्रावाले थोडे जड आहेत, पहिले आठ दिवस सगळे बोंबलले, आता काढत नाहीत. स्लॅब भरताना मात्र हे बूट चालत नाहीत, सिमेंटचं पाणी आत जातं आणि आत गेलेलं सिमेंट चामडी खातं, पोरांच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडलेल्या असतात त्या त्यामुळंच, तिथं गमबूट. तेही इथंच मिळाले.

एक गोष्ट मला फार आवडली. मी यादी काढून बसलो होतो तर म्हणे, "व्हायब्रेटर चालवता ना, बोर्डाला आरसीसीबी आहे का?" व्हायब्रेटर म्हणजे काँक्रीट बसवायचं विजेचं मशीन, आणि आरसीसीबी म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच. मी म्हणलं एमसीबी आहे, लोड वाढला की पडतो तो. म्हणे एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही वाचवत, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आधी टाका, माझ्याकडं मिळत नाही, इलेक्ट्रिकवाल्याकडून घ्या, आणि बेल्टमधला एक कमी करायचा असला तर करा पण हा घ्याच. स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात पाठवणारा माणूस. ओल्या स्लॅबवर, पायात पाणी, हातात व्हायब्रेटर आणि वायरला तीन ठिकाणी टेप मारलेली, हे चित्र नाशकात कुठल्याही गल्लीत बघा.

तसंच जाळीचं. मी म्हणलं हिरवी जाळी पण द्या बिल्डिंगला बांधायला, तर काका हसायलाच लागले. आपल्याकडं नर्सरीवर टाकायची शेडनेट परांचीला बांधतात आणि सेफ्टी नेट म्हणतात, तिच्यावर माणूस सोडा, वीट पडली तरी फाटून खाली येते, ती धुळीसाठी. माणूस झेलायची जाळी वेगळी, जाड दोरीची, तिला आयएस ११०५७ बघायचं, आणि ती आडवी बांधायची, उभी नाही. लिफ्टच्या डक्टसाठी, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीसाठी, एक घेतली. बाकीच्या डक्टांना त्यांनी जाळी विकलीच नाही, म्हणे जुनी प्लाय ठोकून टाका, फुकटात होतंय. आणि बाल्कन्यांना आधी रेलिंग, कमरेएवढं, मधे एक आडवी, खाली पायपट्टी, रेलिंग असलं तर बेल्टची गरजच पडत नाही, बेल्ट म्हणजे सगळं हुकल्यावरची गोष्ट.

आता डेमो. बिल पंचवीस हजाराच्या वर गेलं की साइटवर येऊन तासभर फुकट दाखवतात. यायला तीन आठवडे लावले, चार वेळा फोन केला, दर वेळी "उद्या". अर्धा स्टार इथं गेला. पण आले ते पैसे वसूल करून गेले. रविवार होता, खर्चीचा दिवस, सगळी माणसं जागेवर. काकांनी भाषण ठोकलं नाही. माझा जुना कमरेचा पट्टा मागून घेतला, वाळूच्या गोणीला बांधला, साठ किलो तरी असेल, हुक परांचीच्या बांबूला, खाली मोकळं केलं आणि गोणी ढकलून दिली. बांबू कडकन वाजला, गाठ सरकली, गोणी तशीच खाली जाऊन फुटली. पोरं आधी हसली. मग तीच गोणी परत भरून नव्या बेल्टमध्ये घातली, त्यासाठी एक दोरी-पुडी त्यांनी स्वतःची आणली होती, स्लिंग कॉलमला, हुक वर. गोणी हातभर खाली गेली आणि झुलत राहिली. कुणी हसलं नाही. बरगड्यांवाला पोरगा पण होता तिथं, छातीला दवाखान्याचा पट्टा बांधूनच आलेला, तो नुसता गोणीकडं बघत होता.

मग काकांनी विचारलं, आता हा लटकलाय, खाली कोण घेणार, कसं घेणार? सगळे गप्प, मीपण. पट्ट्यांवर लटकलेल्या माणसाच्या पायातलं रक्त वर येत नाही, दहा-पंधरा मिनिटांत हातपाय गार पडायला लागतात, फायर ब्रिगेड येईपर्यंत थांबायचं नसतं. म्हणजे शिडी कुठं ठेवलीय, खालच्या मजल्याच्या खिडकीतून ओढता येईल का, हे काम चालू करायच्या आधी ठरवायचं. आम्ही आता एक अॅल्युमिनियमची शिडी वेगळी ठेवलीय, तिला कुणी हात लावायचा नाही, लाल पेंट मारलाय. आणि एकदा झटका खाल्लेला बेल्ट परत घालायचा नाही, कापून टाकायचा, नुसता ठेवला तर कुणीतरी घालतोच.

आता नावडतं. दुकानात बायकांसाठी काहीच नाही. माझ्याकडं नऊ बाया आहेत बिगारीला, त्यांच्या पायाचा बूट मिळत नाही, सहा नंबरपासून चालू होतात, त्यांना लागतो चार. "मागवतो" म्हणाले, अजून मागवतायत. त्या अजून स्लिपरवरच आहेत आणि खिळे त्यांनाही तेच. उरलेला अर्धा स्टार ह्यासाठी, पूर्ण एक कापायला पाहिजे होता खरं तर. आणि हेल्मेटचं वेगळंच. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, हेल्मेट ठेवायचं कुठं? मी काकांना विचारलं तर पहिल्यांदाच त्यांच्याकडं तयार उत्तर नव्हतं. थोडा वेळ विचार करून म्हणाले, डोक्यावर वाहणं जेवढं बंद करता येईल तेवढं करा, हातगाडी, मटेरियल लिफ्ट, आणि वर काम चालू असताना खालून ये-जा बंद. आम्ही तेवढं केलंय, विटा-वाळू लिफ्टनं जाते, प्लास्टरच्या बाजूला दोरी बांधून रस्ता बंद करतो. पण वरच्या मजल्यावर मिस्त्रीपर्यंत माल घमेल्यानंच जातो आणि तिथं त्या हेल्मेटविनाच असतात, खोटं कशाला बोलू.

उधारी नाही, अजिबात नाही, रोख नाहीतर यूपीआय. हार्डवेअरवाल्याकडं महिनाभर खातं चालायची सवय असलेल्या आमच्यासारख्यांना जड जातं. भावात दोन-चार टक्क्यांच्या वर सोडत नाहीत. दुपारी दीड ते चार बंद, हे बाहेर कुठंच लिहिलेलं नाही, मी एकदा उन्हात उभा राहून परत गेलोय.

एक अजून, हे दुकानाचं नाही पण काकांमुळं कळलं. लेबरची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा म्हणाले. वय १८ ते ६०, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे, तो दाखला आपणच द्यायचा असतो आणि आपणच टाळाटाळ करतो, सही केली तर काही अंगाशी येईल या भीतीनं. १९९६ च्या कायद्यानं चालू झालं हे सगळं, बांधकाम खर्चाच्या १ टक्का सेस बिल्डरकडून घेतला जातो तो ह्याच लोकांसाठी. आमच्यातल्या काहींना मंडळाकडून पेटी मिळालेली निघाली, आत हेल्मेट, बूट, बेल्ट सगळं, आणि ती गावाला घरी नीट जपून ठेवलेली, पेटीत लग्नाच्या साड्या! म्हणलं अरे आणा की. एकजण म्हणे, "दादा, नवं आहे ते, कामावर खराब होईल."

आठ-नऊ महिने झाले आता. पावसाळा काढला, आणि नाशिकचा पाऊस कसा झोडपतो तुम्हाला माहीत आहे, बेल्टचे पट्टे ओले झाले तरी हुकाला गंज नाही, शिलाई जागेवर. पट्टे सावलीत वाळवायचे, उन्हात नाही, हे पोरांना शिकवायला लागलं. दोन रॅचेट बिघडली, बदलून दिली, काही न विचारता. बेल्टनं माणूस झेलायची वेळ आली नाही, त्यामुळं त्या बाबतीत "चालतो" असं मी लिहू शकत नाही, आणि ती वेळ येऊही नये. प्लास्टरवाले अजून कधीकधी हुक पायाशीच लावतात, घाईत असले की. मुकादम खालून ओरडतो, "वर, वर!", मग वर जातो.

सिंहस्थाच्या गडबडीत सगळीकडंच कामं वाढलीत, दुकानात गर्दी असते, सकाळी साडेदहाच्या आत गेलात तर काका निवांत भेटतात आणि बिलाच्या मागं चित्र काढून देतात. जाताना आपल्या साइटचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, विचारतातच.

चार नंबरचे बूट आले की इथंच येऊन एडिट करतो आणि पाचवा स्टार देतो. तोपर्यंत चार.